मुक्त बाजारात मोकळे कोण?

पहाटे साडेचारच्या सुमारास पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पालेभाजीचा बाजार ऐन भरात असतो. गेल्या पावसाळ्यात तिथे पाहिलेला एक सौदा या लेखाचे निमित्त आहे. खेड तालुक्यातून आलेल्या एका शेतकऱ्याने टेम्पोतून कोथिंबिरीच्या हजारभर जुड्या उतरवून त्यांचा ढीग रचला होता. आदल्या रात्रीच्या पावसाने माल भिजलेला होता, आवक भरपूर होती आणि उठाव कमी होता. खरेदीदाराने एक जुडी उचलून झटकली, देठांतून पाणी निथळले, आणि त्याने शेकड्याला तीनशे रुपये असा भाव सांगितला. शेतकऱ्याने पाचशे म्हटले. खरेदीदार काही न बोलता पुढच्या ढिगाकडे वळला. पाचेक मिनिटांनी शेतकऱ्यानेच त्याला हाक मारली आणि माल तीनशेने गेला.

या सौद्यात कोणी कोणाला दमदाटी केली नाही. विकणारे अनेक होते, घेणारेही अनेक होते, आणि भाव पटला नाही तर माल परत नेण्यापासून त्या शेतकऱ्याला कोणीही अडवले नसते. पण भिजलेली कोथिंबीर दुपारपर्यंत पिवळी पडते, परत न्यायची तर टेम्पोचे भाडे पुन्हा अंगावर पडते, आणि गावात हजार जुड्या घेणार तरी कोण? नाही म्हणायची त्याला मुभा होती. तेवढी ऐपत नव्हती. मुक्त बाजारपेठेविषयीच्या बहुतेक वादांमध्ये एक बाजू या मुभेला स्वातंत्र्य म्हणते आणि दुसरी बाजू त्या ऐपतीला. शब्द एकच असल्यामुळे दोघांनाही वाटत राहते की समोरचा माणूस ढळढळीत दिसणारी गोष्ट नाकारतो आहे.

मराठीत हा घोळ थोडा कमी व्हायला हवा होता, कारण 'फ्री' या एका इंग्रजी विशेषणासाठी आपल्याकडे निदान चार शब्द आहेत. 'खुली' बाजारपेठ म्हटले की दार डोळ्यांपुढे येते. कोणीही आत यावे, माल मांडावा आणि विकावा. 'मुक्त' म्हटले की कोणीतरी बांधलेले होते आणि त्याचे दोर सोडले, असा अर्थ निघतो. मग बांधणारा कोण, हा प्रश्न ओघानेच येतो आणि त्याचे ठरलेले उत्तर 'सरकार' असे असते. विरोधकांना 'मोकाट' हा शब्द जवळचा वाटतो, ज्यात दावे तोडून दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरलेले जनावर दिसते. आणि 'स्वतंत्र' या शब्दात बंधनाचा उल्लेखच नाही. स्वतःचे तंत्र, म्हणजे स्वतःच्या आयुष्याची व्यवस्था स्वतःच्या हाती असणे, एवढेच तो सांगतो. गंमत अशी की 'स्वतंत्र बाजारपेठ' असे मात्र कोणी म्हणत नाही. ते कानालाच खटकते, कारण तंत्र माणसाचे असते, बाजाराचे नसते.

तत्त्वज्ञानात या भेदाची सर्वांत परिचित मांडणी आयझाया बर्लिन यांनी १९५८ मध्ये ऑक्सफर्डला दिलेल्या व्याख्यानात केली. त्यांनी स्वातंत्र्याच्या दोन कल्पना वेगळ्या केल्या. पहिली नकारात्मक, म्हणजे मी जे करू पाहतो त्यात दुसऱ्या कोणी आडवे न येणे. दुसरी सकारात्मक, म्हणजे माझ्या आयुष्याचा धनी मी स्वतः असणे. ही नावे थोडी फसवी आहेत, कारण नकारात्मक म्हणजे वाईट असा अर्थ इथे मुळीच नाही. उलट बर्लिन यांना धास्ती होती ती दुसऱ्या कल्पनेची, कारण 'तुझे खरे हित तुझ्यापेक्षा मला जास्त कळते' असे म्हणत माणसाला त्याच्याच नावाने दडपून टाकणाऱ्या राजवटी त्यांच्या पिढीने पाहिल्या होत्या. पुढे १९६७ मध्ये जेराल्ड मॅक्‌कॅलम या अमेरिकी तत्त्वज्ञाने असे दाखवले की स्वातंत्र्याविषयीच्या कोणत्याही विधानात खरे तर तीन जागा असतात: कोण मोकळा, कशापासून मोकळा आणि काय करायला मोकळा. यांपैकी एखादी जागा रिकामी ठेवली की वाद सुरू होतो. मला स्वतःला बर्लिन यांच्या दोन खणांपेक्षा हे तीन प्रश्न अधिक कामाचे वाटतात, कारण ते वर्तमानपत्र वाचतानाही विचारता येतात. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा चाकण आणि मंचरच्या शेतकऱ्यांनी मागितलेले स्वातंत्र्य तिन्ही जागा भरून नेमके सांगता येते: कांदा उत्पादकाला, सरकारी बंदीपासून, परदेशातला भाव घेण्यासाठी. सदाशिव पेठेतल्या ज्या गृहिणीला तीस रुपयांच्या वर कांदा परवडत नाही, तिची तक्रारही खरी असू शकते. मात्र ती स्वातंत्र्याची तक्रार आहे की महागाईची, हे वेगळे ठरवावे लागेल.

मुक्त बाजाराच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे आधी नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुण्यासारख्या शहरात ते अनेकदा 'कारखानदारांची वकिली' म्हणून एका वाक्यात निकाली काढले जाते. अर्थतज्ज्ञ फ्रीडरिक हायेक यांच्या मते स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याच्या लहरीच्या अधीन नसणे. सगळ्यांना सारखे लागू असणारे आणि आधीपासून माहीत असलेले नियम हे अशा लहरीपेक्षा वेगळे असतात, आणि परिस्थितीची अडचण ही तर जबरदस्ती नव्हेच. त्यांनी दिलेला दाखला सह्याद्रीत भटकणाऱ्यांना लगेच कळेल. कड्यावर अडकलेल्या गिर्यारोहकाला सुटकेची एकच वाट दिसत असली, तरी तो परतंत्र होत नाही. तो अडचणीत असतो, आणि या दोन गोष्टींना एकच नाव देऊ नये. या कसोटीवर आपला कोथिंबीरवाला शेतकरी अडचणीत होता, पण स्वतंत्र होता. हायेक यांनी याच विवेचनात एक अपवादही मान्य केला आहे, जो त्यांचे चाहते फारसा सांगत नाहीत. वाळवंटातल्या ओअ‍ॅसिसमध्ये पाण्याचा एकच झरा उरला असेल आणि तो एकाच्या मालकीचा असेल, तर तो मालक तहानलेल्यांवर जबरदस्ती करू शकतो, असे ते म्हणतात. एकदा हा झरा मान्य केला की पुढचा सगळा वाद झरे किती आणि कोणते, यावर येऊन ठेपतो.

सरकारी लहर म्हणजे काय, हे ज्यांनी १९९१ च्या आधीचे दिवस पाहिले त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यानुसार कोणत्या कारखान्याने कोणती वस्तू किती बनवायची, याचा परवाना दिल्लीतून मिळत असे. आकुर्डीच्या कारखान्यातून निघणाऱ्या चेतक स्कूटरसाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत. मागणी होती, बनवणारे हात होते, यंत्रे होती. परवान्यात लिहिलेल्या आकड्यापुढे जाण्याची परवानगी तेवढी नव्हती. नोंदणीचा नंबर लागला की घरात पेढे आणले जात. २४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांवरची ही परवाना पद्धत उठवली. त्या दिवशी जे सुटले त्याला स्वातंत्र्य म्हणायला मला काहीच अडचण वाटत नाही, आणि ते केवळ कारखानदाराचे नव्हते, रांगेत उभ्या असलेल्या कारकुनाचेही होते.

शेतीत हीच भाषा शरद जोशी यांनी आणली. स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले आणि १९७० च्या दशकाच्या शेवटी चाकणच्या कांदा बाजारातूनच त्यांचे आंदोलन उभे राहिले. शेतकरी गरीब आहे तो निसर्गामुळे किंवा अडाणीपणामुळे नव्हे, तर निर्यातबंदी, सक्तीची खरेदी, साठ्यावरचे निर्बंध अशा मार्गांनी सरकारच त्याचा भाव पाडते म्हणून, असे त्यांचे निदान होते. या प्रकाराला ते 'उणे सबसिडी' म्हणत. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही शेतकरी संघटनेची घोषणा नीट ऐकली, तर ती अनुदानाची मागणी नाही; आमच्या वाटेतून बाजूला व्हा, असे ती सरकारला सांगते. विदर्भातल्या कापूस उत्पादकाला १९७२ पासून एकाधिकार खरेदी योजनेमुळे आपला कापूस दुसऱ्या कोणाला विकताच येत नव्हता, हे लक्षात घेतले की या मागणीतली धग कळते. खरेदीदार एकच असला, तर तो सरकारी आहे की सावकारी, याने विकणाऱ्याला किती फरक पडतो?

बाजाराच्या बाजूचा आणखी एक मुद्दा आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत वजनदार आहे, जरी पुण्याच्या चर्चांमध्ये तो क्वचितच ऐकू येतो. बलुतेदारीच्या व्यवस्थेत सुतार, कुंभार, मातंग, महार यांचे काम आणि मोबदला दोन्ही जन्माने ठरलेले असत. महार वतनात तर थोडीशी जमीन आणि बलुते यांच्या बदल्यात वेळीअवेळी सरकारी आणि गावकीचे काम करण्याची सक्ती होती, आणि तिचा भार एका माणसावर न राहता घरावर पडे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात या वतनांविरुद्ध विधेयक मांडले. वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ उजाडले. या माणसांसाठी पैशात मिळणारी मजुरी, शहरातली गिरणी, खडकीचा दारूगोळा कारखाना, म्हणजेच कामाचा बाजार, ही सुटका होती. जिथे काम सोडून जाता येत नाही तिथे मजुरीचा दर कितीही चांगला असला तरी ती गुलामीच, हे अमर्त्य सेन यांनीही आवर्जून सांगितले आहे. बाजार कार्यक्षम आहे की नाही हा नंतरचा प्रश्न आहे, आपले श्रम आणि आपला माल हव्या त्या माणसाला देता येणे हे मुळातच मोलाचे आहे, असे ते म्हणतात. त्यांना बाजारविरोधी समजणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्ये हाच धागा पुढे नेला. पाव विकत घेणाऱ्याला त्यातला गहू कोणत्या वंशाच्या किंवा कोणत्या राजकीय मताच्या माणसाने पिकवला, हे कळत नाही आणि त्याला त्याची गरजही नसते; बाजार माणसाची ओळख पुसतो आणि म्हणून अल्पसंख्याकांना सोयीचा असतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. गव्हाच्या बाबतीत तो खरा आहे. पण कोथरूडमध्ये किंवा पेठांमध्ये घर भाड्याने शोधताना पहिला प्रश्न आडनावाचा आणि दुसरा 'खाण्याचे काय' असा येतो, हे ज्याने अनुभवले आहे तो फ्रीडमन वाचताना थोडा हसतो. घराचा बाजारही बाजारच आहे आणि घरमालकाच्या निवडीवर फारसे सरकारी बंधन नाही. ओळख तिथे पुसली जात नाही, उलट तीच आधी विचारली जाते.

आता दुसरी बाजू. तिचे म्हणणे 'बाजारात नियम असावेत' असे मवाळपणे सांगितले की तिची धार जाते. तिचे खरे म्हणणे असे आहे की नियमांशिवायचा बाजार नावाची वस्तूच अस्तित्वात नसते, त्यामुळे 'मुक्त की नियंत्रित' असा पर्यायच चुकीचा मांडला जातो. जुन्या बाजारांतली हत्ता पद्धत आठवून पाहावी. आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालत, बोटे दाबून भाव ठरवत, आणि बाजूला उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्याच मालाचा भाव कळत नसे. सौदा दोघांच्या मर्जीचा होता, सरकार कुठेही नव्हते. नियमनाच्या कायद्यांनी हा रुमाल काढून घेतला आणि उघड लिलाव सक्तीचा केला. हे बाजाराच्या स्वातंत्र्यावर घातलेले बंधन होते की बाजार खऱ्या अर्थाने तेव्हाच खुला झाला? ज्या बाजार समित्यांचा कारभार आज शेतकऱ्याच्या पायातली बेडी म्हणून ओळखला जातो, त्यांची सुरुवात रुमाल काढण्यासाठी झाली होती, हे दोन्ही पक्ष सोयीने विसरतात.

मालमत्तेच्या बाबतीत हाच मुद्दा आणखी खोल जातो. जी. ए. कोहेन या तत्त्वज्ञाने विचारलेला प्रश्न आपल्या भाषेत असा मांडता येईल. खिशात पैसे नसलेला माणूस पुणे स्टेशनवर डेक्कन क्वीनमध्ये बसला, तर तिकीट तपासनीस त्याला लोणावळ्याला उतरवेल, आणि तो उतरला नाही तर पोलीस येतील. म्हणजे त्याच्या वाटेत माणूसच आडवा आला, आणि त्या माणसामागे राज्यसंस्था उभी आहे. बर्लिन यांच्या काटेकोर व्याख्येप्रमाणेही हा हस्तक्षेपच झाला. तेव्हा 'गरिबाला ऐपत नसते, पण स्वातंत्र्य असते' हे म्हणणे टिकत नाही. पैसा हा स्वतःच मोकळीक देणारा परवाना आहे, आणि तो नसला की दारे माणसांकडूनच बंद केली जातात. याचा अर्थ तिकीट पद्धत बंद करावी असा कोहेन यांच्या विरोधकांनी काढला तर तो काढू द्यावा. मुद्दा तिकिटाचा नाही. मुद्दा इतकाच की मालकीहक्क राखणे हेही सरकारचेच काम आहे, आणि ज्याला आपण 'सरकारी हस्तक्षेप नाही' असे म्हणतो त्या स्थितीतही सरकार एका बाजूला उभे असतेच.

पुणे जिल्ह्याने या प्रश्नाचा फार मोठा प्रयोग एकोणिसाव्या शतकात सोसला आहे, आणि तो इथे सविस्तर सांगितला पाहिजे. १८५५ मध्ये कंपनी सरकारने व्याजदरावरच्या कायदेशीर मर्यादा उठवल्या. यामागे इंग्लंडमधला उदारमतवादी विचार होता: दोन सज्ञान माणसे जो दर कबूल करतील तोच योग्य दर, कायद्याने त्यात बोट घालू नये. १८५९ मध्ये कर्जाच्या खतांना, म्हणजे लेखी दस्तांना, तीन वर्षांची मुदत लावण्यात आली. हेतू असा होता की व्याज साचत जाऊ नये. झाले उलटेच. सावकार दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेऊ लागले, ज्यात थकलेले व्याज मुदलात मिळवलेले असे, आणि पुढचे व्याज त्या फुगलेल्या रकमेवर लागे. व्याज मुदलापेक्षा जास्त वसूल होऊ नये, हा दामदुपटाचा जुना दंडक अशा रीतीने कागदावर पाळूनही बुडवता येत होता. लिहिता-वाचता न येणारा कुणबी खाली नांगराची निशाणी करून देत असे. दिवाणी न्यायालयापुढे मग एकच प्रश्न उरे: खत आहे की नाही, आणि त्यावर निशाणी आहे की नाही.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाचा भाव चढला तेव्हा पत सैल होती; युद्ध संपल्यावर भाव कोसळला, त्यातच जमीनमहसुलाची फेरआकारणी होऊन सारा वाढला, आणि सावकारांनी हात आखडता घेतला. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. या दंग्यांमधली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे लोकांना धान्य किंवा दागिन्यांपेक्षा कागद हवे होते. खते आणि वह्या हाती लागल्या की त्या जाळल्या जात, आणि जिथे सावकाराने त्या मुकाट्याने दिल्या तिथे अनेकदा माणसाला हात लागला नाही. दख्खनच्या दंग्यांची चौकशी झाली आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी संरक्षण कायदा आला. त्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती होते, व्याज कसे चढले, हे तपासण्याचा अधिकार दिला, आणि कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद केले.

कराराच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने हा कायदा म्हणजे उघड अतिक्रमण होते. दोन सज्ञान माणसांनी केलेला करार न्यायालयाने उकरून काढायचा, हे तेव्हाच्या अर्थशास्त्राला मानवणारे नव्हते. आणि या कायद्याचे दुष्परिणामही झाले: सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले, अशी तक्रार पुढे वर्षानुवर्षे होत राहिली. पुढे या कायद्याच्या अंमलावर देखरेख ठेवणारे विशेष न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी काम केले, म्हणजे कागदावरचा करार आणि त्यामागचा माणूस यांच्यातले अंतर त्यांनी गावोगाव फिरून पाहिले होते. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी इंग्रजी अर्थशास्त्राची गृहीतके एकेक करून तपासली. प्रत्येक माणूस आपले हित ओळखतो आणि त्याप्रमाणे वागतो, श्रम आणि भांडवल हवे तिकडे वाहते, करार करणारे दोघे समान असतात. यांतले इथे काय खरे आहे, असा त्यांचा प्रश्न होता. इथे कुटुंब आणि जात व्यक्तीपेक्षा प्रबळ आहेत, स्पर्धेपेक्षा रूढीचा जोर मोठा आहे, तेव्हा तिकडचे सिद्धांत इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, असे त्यांनी मांडले. रानडे व्यापाराचे किंवा उद्योगाचे शत्रू नव्हते. पुण्यात औद्योगिक परिषद भरवण्यात ते पुढे होते. करार हा स्वातंत्र्याचा पुरावा मानायचा असेल तर आधी करार करणाऱ्यांची स्थिती पाहिली पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह होता.

खुद्द अ‍ॅडम स्मिथ यांनाही हे ठाऊक होते, ज्यांचे नाव घेऊन हा वाद बहुधा सुरू होतो. १७७६ च्या त्यांच्या ग्रंथात मालक आणि मजूर यांच्यातल्या तंट्याचे वर्णन आहे. मालकाने एकही मजूर कामाला लावला नाही तरी तो साठवलेल्या पुंजीवर वर्ष-दोन वर्षे काढू शकतो, आणि अनेक मजुरांना कामाशिवाय एक आठवडाही निभावणे कठीण, असे ते लिहितात. म्हणजे भाव ठरतो तो कोण किती दिवस थांबू शकतो यावर. कोथिंबिरीचा ढीग आणि ती पाच मिनिटे इथे पुन्हा आठवतात. स्मिथ यांचा मुख्य राग होता तो राजाने दिलेल्या मक्तेदाऱ्यांवर आणि मजुराला एका गावातून दुसऱ्या गावात जाऊ न देणाऱ्या कायद्यांवर. त्यांच्या लेखी बाजार मुक्त करायचा तो मक्तेदारांपासून.

आपल्या राज्यघटनेने दोन्ही अर्थ जवळजवळ ठेवले आहेत. अनुच्छेद १९ व्यवसाय आणि धंद्याचे स्वातंत्र्य देतो, पण वाजवी निर्बंधांची वाटही ठेवतो. अनुच्छेद २३ वेठबिगारीला मनाई करतो. १९८२ मध्ये दिल्लीतल्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या दुसऱ्या अनुच्छेदाचा असा अर्थ लावला की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करणारा माणूस सक्तीचेच श्रम करत असतो, मग त्याच्यावर कोणी दंडुका उगारलेला असो वा नसो. उपाशीपोटी दुसरा मार्ग नसणे हीदेखील सक्तीच. हायेक यांचा गिर्यारोहक या निकालापुढे उभा करून पाहावा. एका बाजूला अडचण आणि जबरदस्ती यांत ठाम भिंत आहे, दुसऱ्या बाजूला ती भिंत न्यायालयाने पाडली आहे. डॉ. आंबेडकरांनी १९४७ मध्ये घटना समितीसाठी लिहिलेल्या निवेदनात याच दिशेने विचारले होते की राज्यसंस्थेने हात काढून घेतल्यावर उरणारे स्वातंत्र्य कोणाचे: जमीनदाराला खंड वाढवण्याचे, भांडवलदाराला कामाचे तास वाढवून मजुरी कमी करण्याचे? वतनातून सुटण्यासाठी कामाचा बाजार हवा आणि त्या बाजारात मालकाच्या हुकमातून सुटण्यासाठी राज्यसंस्था हवी, हे दोन्ही त्यांनी एकाच आयुष्यात म्हटले, आणि मला त्यात विसंगती दिसत नाही.

कधी कधी तर करारावर बंधन घातल्यानेच बाजार खुला राहतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ सांगते की कोणालाही कायदेशीर धंदा किंवा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेत निरर्थक ठरतो. हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीने 'नोकरी सोडल्यावर दोन वर्षे प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही' असे नेमणूकपत्रात लिहून घेतले आणि पंचविशीतल्या मुलाने आनंदाने सही केली, तरी न्यायालय ते अमलात आणून देत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलीला अशाच कलमाचा धाक दाखवून एका कंपनीने चार महिने अडकवून ठेवले होते. वकिलाने कायद्याचे ते एक वाक्य वाचून दाखवल्यावर ती दुसऱ्या आठवड्यात नव्या नोकरीवर रुजू झाली.

याच्या नेमके उलट टोक पाहायचे असेल तर पुन्हा मार्केट यार्डात यावे लागते. हमाल एका दिवसात दहा गाळ्यांवर ओझी वाहतो, त्यामुळे पूर्वी एकही व्यापारी स्वतःला त्याचा मालक मानायला तयार नसे. तो स्वतःच्या मर्जीने येतो, स्वतःच्या मर्जीने जातो, असे सांगितले जाई, आणि ते खोटेही नव्हते. १९६९ च्या माथाडी कायद्याने यावर वेगळाच तोडगा काढला: हमाल आणि व्यापारी दोघांचीही मंडळाकडे नोंदणी, मजुरी मंडळामार्फत, आणि भविष्यनिर्वाह निधी वगैरेंसाठी व्यापाऱ्याकडून वेगळी लेव्ही. आज पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन फर्ग्युसन रस्त्यावर ऑर्डरची वाट पाहणाऱ्या मुलाला त्याचे अ‍ॅप 'पार्टनर' म्हणते आणि हवे तेव्हा लॉगइन करण्याचे स्वातंत्र्य देते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' ही संज्ञा आली, पण त्याचा मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर तिनेही टाळलेच. हमालांच्या बाबतीत तो प्रश्न पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी बाजूला ठेवून काम निभावले गेले होते, हे नव्या चर्चेत फारसे कोणी आठवत नाही.

जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. शासकीय मराठीत त्याला 'नियमनमुक्ती' असा शब्द आहे. शेतकऱ्याने यार्डाबाहेर कोणालाही माल विकावा, आणि आडत, म्हणजे आडत्याची दलाली, त्याच्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असे ठरले. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, पण निर्णय टिकला. कोण, कशापासून, काय करायला, या तिन्ही जागा इथे व्यवस्थित भरलेल्या आहेत, आणि शरद जोशी हयात असते तर त्यांना हे पाऊल आवडले असते, असे मला वाटते. तरीही बराच माल गुलटेकडीलाच येत राहिला. त्याची काही कारणे साधी आहेत, कारण हजार जुड्या एका पहाटेत उचलणारा बाजार दुसरीकडे सहज मिळत नाही. आणखी एक कारण मला त्या खेडच्या शेतकऱ्याने चहा पिताना सांगितले. पेरणीच्या वेळी बियाणे आणि औषधासाठी त्याने गाळ्यावरून पंचवीस हजारांची उचल घेतली होती. बँकेत कागदपत्रांसाठी खेटे घालण्यापेक्षा ते सोपे होते, आणि व्याजही कोणी मागत नव्हते. फक्त माल त्याच गाळ्यावर उतरायचा. त्याने खिशातून घडी घातलेली पट्टी काढून दाखवली: जुड्यांचा शेकडा, भाव, हमाली, भाडे, आणि सगळ्यात खाली निळ्या शाईत 'उचल बाकी' आणि त्यापुढे आकडा.